कपाचा कान

१२ जानेवारी

धाकटे,

फोन यांच्या खाटेच्या उशाशी आहे, म्हणून लिहायला बसले. यांची उजवी बाजू गेली असली तरी कान दोन्ही शाबूत आहेत, आणि घरात कुठे काय कुजबुजलं ते यांना आधी कळतं.

माझं ऑपरेशन पुढे ढकललं. पिशवी भरून ठेवली होती, पोराने फेब्रुवारीभर रजा टाकली होती, आणि डॉक्टर म्हणतात रक्त फारच कमी आहे. "एवढ्या रक्तावर मी गुडघ्याला हात लावणार नाही. ऑपरेशनमध्ये आणखी जाईल, मग तुम्ही उभ्या कशाच्या जोरावर राहणार?" मी म्हटलं, "आत्ता तरी कुठे उभी राहतेय?" ते हसले, पण बधले नाहीत. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, नाहीच चढलं तर शिरेतून देऊ म्हणाले. आणि रक्त शरीरात कुठे गळतंय ते आधी शोधायचं म्हणे. दोन-तीन महिने थांबा.

दुखण्याच्या गोळ्या घेता का, असंही विचारलं. मी म्हटलं, कधीमधी. तुला म्हणून सांगते, फुटाण्यासारख्या खाते. आयुष्यभर छापखान्यात जमिनीवर मांडी घालून पुस्तकं शिवली, हे गुडघे काय फुकट असे झालेत? गोळी घेतल्याशिवाय मला यांना खाटेवरून उठवता येत नाही.

खरी गोम रजेची आहे. पोराला मार्चनंतर वर्षभर रजा नाही. त्याने मला समोर बसवून सांगितलं, "आई, तू धड उभी राहिली नाहीस तर बाबांना उचलणार कोण? मावशीच्या गावात एक शुश्रूषागृह आहे, मी चौकशी करून ठेवलीय." बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. त्याचंही चुकत नाही गं. पण मी यांना दुसऱ्यांच्या हातात देणार नाही. बाई लावून बघितली होती. ती कप कसाही ठेवायची. हे मुळात डावखुरे, आता तर तोच एक हात राहिलाय. मी ठेवताना कपाचा कान त्या हाताकडे फिरवते. ती फिरवायची नाही, आणि हे चहा निवेपर्यंत नुसते कपाकडे बघत बसायचे. मागायचे नाहीत.

तुला आठवतं? लग्न नवं होतं तेव्हा आपण सारखे कपडे करून यांना चकवायला गेलो. चहा तू नेलास. यांनी मुद्रितं तपासता तपासता, मान वर न करता म्हटलं, "दुसरी प्रत आली वाटतं." आईसुद्धा फसायची, पण हा माणूस कधी म्हणून फसला नाही. त्यांना मी एकटं सोडणार नाही.

तुझी मोठी


१८ जानेवारी

मोठे,

पत्र वाचून आधी डॉक्टरांना शिव्या घातल्या आणि मग डोकं चालवलं. ते माझं तुझ्यापेक्षा बरं चालतं, हे तूही मानतेस.

शाळेत पोहण्याच्या परीक्षेला माझ्या नावावर कोण उतरलं होतं? तू. आणि तोंडी परीक्षेला तुझी बोबडी वळली तेव्हा तुझ्या जागी कोण उभं राहिलं? बाईंनी शाबासकी दिली ती तुला. आता एकदाच, शेवटचं, तसंच करू.

तू त्यांना सांग की गोळ्या नेमाने घेतल्या, पुन्हा रक्त तपासा. मी येते. खिडकीपाशी तुझं नाव पुकारलं की खुर्चीत मी बसते आणि हात पुढे करते. चेहरा तोच, वय तेच, रक्तगटसुद्धा तोच. माझं रक्त आत्ताच तपासलंय, आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या तरण्या पोरीसारखं आहे. दिवसभर रोपवाटिकेत कुंड्या उचलते, उगाच नाही.

आणि रक्त म्हणजे तरी काय गं? एकाच पोटात एकमेकींच्या लाथा खात वाढलो. माझ्यात जे आहे ते तुझ्यातही असणारच, थोडं इकडे तिकडे. डॉक्टर मंडळी जपून बोलतात, त्यांना बोलावंच लागतं. गुडघा बसला, तू चालायला लागलीस की रक्तही भरून येईल.

भाऊजींना यातलं काही सांगू नकोस. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं तरी माझं तोंड पडेल. रविवारी येते.

तुझी धाकटी


२२ फेब्रुवारी

धाकटे,

उजवा गुडघा बसला. घरी आणलंय. लिहायला उशीर झाला, फार वेळ बसवत नाही.

तू गेल्यावर डॉक्टर अहवाल बघून इतके खूश झाले की मलाच लाज वाटली. "गोळ्यांनी इतक्या लवकर चढलेलं मी पहिल्यांदा बघतोय. असा पेशंट हवा." मी मान डोलावली. ऑपरेशनच्या दिवशी फक्त रक्तगट जुळवायला थोडं रक्त घेतलं, आणि तिथे तर तू नि मी एकच.

ऑपरेशन नीट झालं म्हणतात. पण नंतर माझं अंग असं गार पडलं की धावपळ उडाली. रक्ताच्या पिशव्या लावल्या. डॉक्टर माझ्या पायथ्याशी अहवाल घेऊन उभे होते, तोच कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. "रक्त तर फार गेलं नाही. मग एवढं खाली आलं कसं?" परिचारिकेला विचारलं, तिनेही खांदे उडवले. मी डोळे मिटून पडून राहिले. झोप लागलेली नव्हती.

आणखी थोडे दिवस राहा म्हणत होते, मीच हट्टाने निघाले. पोराची रजा संपत आलीय. घरी आले तेव्हा हे दाराकडे तोंड करून बसले होते. जीभ अजून जड आहे, पण मला बघून तुकड्या तुकड्यांत म्हणाले, "फौ... ज... दार." लग्नापासून मला हेच म्हणतात, तुला माहीतच आहे. मला रडूच आलं.

मोठी


२८ फेब्रुवारी

मोठे,

रडतेस काय? जिंकलीस की! आता एकच काम, व्यायाम. माझ्या शेजारणीने दोन्ही गुडघे बदलले, ती आता बाजारातून पिशव्या घेऊन येते आणि वर माझ्या कुंड्यांना नावं ठेवते.

पोराचा फोन आला होता. म्हणाला, व्यायाम शिकवायला येणारी मुलगी तक्रार करते, आई थोडं केलं की आडवी होते, प्रयत्नच करत नाही. मोठे, हे तुझ्याबद्दल ऐकायची सवय नाही मला. सगळ्या घराला कवायत करायला लावणारी तू, आणि स्वतःची वेळ आली की पांघरूण? दुखणारच. दात ओठ खाऊन कर. पाय वाकव, सरळ कर, चाल. भाऊजींकडे बघ आणि चाल. आळस केलास तर मी येऊन बसेन, आणि मी आले की किती बोलते ते तुला ठाऊक आहे.

धाकटी


१४ मार्च

धाकटे,

आळस नव्हता गं.

उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. चार पावलं टाकली की जिना चढून आल्यासारखा दम. गुडघा ओरडत होता तो वेगळाच, पण गुडघ्याचं मी सहन केलं असतं. अंगात जोरच नव्हता. तुझं पत्र वाचलं आणि म्हटलं, दाखवतेच हिला. पोरगा बाहेर गेलेला. वॉकर धरून उठले, स्वयंपाकघरापर्यंत गेले, चहासुद्धा टाकला. यांना किती दिवसांत माझ्या हातचा मिळाला नव्हता. परत वळताना सगळं पांढरं झालं. शुद्धीवर आले तेव्हा फरशीवर होते, आणि आतून हे हाका मारत होते. त्यांना उठता येईना, मला उठता येईना. एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं तसेच पडलेलो, पोरगा येईपर्यंत.

टाके उसवले. जखम अजून पाझरते आहे.

पोराने मग मला काही विचारलं नाही. गाडी बोलावली. यांना न्हाऊमाखू घातलं, स्वेटर चढवला, तोही उलटा, शिवण बाहेर. मला अंथरुणातून दिसत होतं पण उठून नीट करता येत नव्हतं. तुझ्या गावातलं ते शुश्रूषागृह. "थोडे दिवस, आई. तू बरी हो, की परत आणू." जाताना यांनी माझा हात धरला आणि सोडेचनात. पोराला त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

जे होऊ नये म्हणून हे सगळं केलं तेच झालं.

डॉक्टरांना काही सांगू नकोस. तू मधे सापडशील.

मोठी


१९ मार्च

मोठे,

सांगितलं.

तुझं पत्र वाचून माझ्या पायाखालची जमीन सरकली. रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढे येत राहिलं, आणि मी तुला आळशी म्हणाले होते! काल डॉक्टरांना फोन केला आणि सगळं ओकून टाकलं. खुर्चीत मी बसले, हात मी पुढे केला, तो आकडा माझा. डॉक्टर एवढंच म्हणाले, "बाई, थांबायला सांगितलं ते त्यांच्याचसाठी सांगितलं होतं." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ते तुला न्यायला गाडी पाठवतील. मुकाट्याने जा. पोटात नळी घालून बघायचं म्हणतात, त्या दुखण्याच्या गोळ्यांनी आत काही केलंय का ते. मी त्याही सांगितल्या. चिडलीस तर चीड, बोलू नकोस माझ्याशी. पण जा.

रक्त द्यायचंच होतं तर तुझ्या नावावर कशाला दिलं, तुला का नाही दिलं, हे डोक्यातून जात नाही.

धाकटी


२ एप्रिल

धाकटे,

चिडले होते. आता चिडायलाही अंगात थोडं रक्त आलंय, म्हणून लिहिते.

पोटात जखम निघाली. गोळ्यांनी केलेली, कित्येक महिने थेंब थेंब गळत होती. थांबले असते तर ऑपरेशनच्या आधीच सापडली असती. डॉक्टर खाटेशेजारी स्टूल ओढून बसले. मला वाटलं आता हजेरी घेतात. म्हणाले, "मला सांगायचं होतंत की घरी अशी अडचण आहे. काहीतरी वाट काढली असती." मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत. ते म्हणाले, "तेही खरं."

लोह आता शिरेतून देतात. जखम सुकत चालली आहे. व्यायामाची पोरगी परत येते, बिचारी माफी मागत होती, तिला काय माहीत. आता खोलीला फेरी मारते आणि डोळ्यांपुढे काजवे येत नाहीत.

एक मागणं आहे. मला एवढ्यात प्रवास नाही. तू यांच्याकडे जात जा. रोज जमलं तर रोज. तिथल्या माणसांनी स्वेटर सुलटा घातलाय का तेवढं बघ.

मोठी


१५ एप्रिल

मोठे,

रोज जाते. खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडकीतून एक झाड दिसतं, भाऊजींची खुर्ची मी तिकडे वळवून ठेवलीय. स्वेटर सुलटा आहे. खाणं कमी झालंय. खोकला आहे थोडा.

सांगू की नको करत होते, पण लपवालपवी आपल्याला आधीच फार महाग पडलीय. पहिल्या दिवशी मी आत गेले, मदतनीस बाईने चहाचा कप माझ्या हातात दिला, मी तो भाऊजींपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे केला आणि म्हणाले, "ये, फौजदार."

मी "भाऊजी, मी धाकटी" म्हणणार होते. तोंड उघडलंसुद्धा. पण हात इतका घट्ट धरला होता, मोठे, की मला बोलवेना. मी तशीच बसून राहिले. आता रोज तेच म्हणतात. मी रोज तू होऊन बसते. तुझ्या जागी बसून एकदा तुझं वाटोळं केलं, आणि आता पुन्हा तेच करते आहे. सांग, खरं सांगून टाकू का त्यांना?

धाकटी


२४ एप्रिल

धाकटे,

नको सांगूस. त्यांना मी येतेय असं वाटतंय ना? मग वाटू दे. खरं सांगू, मला तुझा भयंकर हेवा वाटला. मग वाटलं, त्यांचं डोकं आता थकलं असेल. ज्या माणसाच्या नजरेतून साधा काना सुटायचा नाही, त्याला आता आपण दोघी सारख्या दिसतो. रडले त्यावर. पण त्यातही एक बरं वाटलं की त्यांना एकटं वाटत नसेल.

फक्त कपाचा कान त्यांच्या डाव्या हाताकडे करत जा, नाहीतर पकडली जाशील!

आणि ऐक. कालच्या तपासणीत रक्त जवळजवळ जागेवर आलंय. या वेळी हात माझाच होता, विचारलंस तर म्हणून सांगते. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय. काठी घेऊन मी मेमध्ये येते. त्यांना आधी कळू देऊ नकोस, दारात उभी राहून बघायचंय त्यांचं तोंड. पोरालाही सांगितलंय, येताना मी त्यांना घेऊन येणार.

तुझी मोठी


२० मे

मोठे,

तू जाऊन आठवडा झाला. तू माझ्या घरात होतीस तेव्हा मला हे बोलता आलं नाही. त्यांना स्मशानात पोहोचवून आल्यावर तू खुर्चीत नुसती बसून होतीस, आणि मी भांडी घासत राहिले. घासलेलीच पुन्हा घासली.

तुझं ते कपाच्या कानाचं पत्र आलं त्याच दिवशी त्यांचा खोकला छातीत उतरला. त्यानंतर त्यांनी चहा घेतलाच नाही, आणि तू येईपर्यंत थांबलेही नाहीत. त्यामुळे तू सांगितलंस तसं एकदाही करता आलं नाही.

त्याआधी रोज मी कप कसाही ठेवत होते. तुझं जानेवारीतलं पत्र मला आठवलंही नाही, माझं लक्षच तसं. आणि रोज ते कपाकडे बघायचे, डाव्या हाताचं बोट लावून कप हळूहळू फिरवायचे, कान स्वतःकडे आला की माझ्याकडे बघायचे. मग म्हणायचे, "ये, फौजदार." मला वाटायचं, हात नीट चालत नाही म्हणून धडपडतात. तुझं पत्र वाचलं आणि कळलं.

ते मला ओळखत होते, मोठे. पहिल्या दिवसापासून.

हे तुला सांगितल्याने तुझं दुःख वाढेल की कमी होईल, मला कळत नाही. पण मी आता तुझ्या वतीने काही ठरवणार नाही.

धाकटी


२ जून

धाकटे,

वाढलं. तरी बरं केलंस सांगितलंस ते.

म्हणजे मी आलेली नाही हे त्यांना रोज कळत होतं. आणि तरी हाक माझ्या नावाने मारत होते. तुझं मन राखायला, की स्वतःचं, की नुसतं ते नाव तोंडात घोळवायला, हे मी आता कुणाला विचारू? मी वेडी इथे समजत होते की ते फसलेत, आणि त्यावर समाधान मानून पाय वाकवत होते, सरळ करत होते.

मीही तुला एक सांगितलं नाही. तुझ्याकडे असताना दुपारी फिरून येते म्हणाले, तेव्हा त्यांच्या खोलीवर गेले होते. सामान आणायला पोरगा जाणार होता, पण मला ती खोली बघायची होती. तू जिन्याबद्दल कधी लिहिलं नाहीस. चांगला उभा जिना आहे. मी काठी हातात नुसती धरली आणि चढून गेले. मधे कुठे थांबले नाही. दम लागला नाही. वर पोहोचल्यावर माझ्या ते लक्षात आलं, आणि मी कठड्याला धरून ओक्साबोक्शी रडले. डॉक्टरांनी जानेवारीत सांगितलं होतं ते हेच होतं. थांबले असते तर अशीच चढले असते, आणि वर ते असते.

मदतनीस बाई धावत आली. माझा हात हातात घेतला. म्हणाली, "तुमच्यासारखी माणसं बघितली नाहीत हो मी. रोज आलात. एक दिवस चुकवला नाहीत. ते सकाळपासून दाराकडे बघत बसायचे तुमच्यासाठी."

मी हो म्हटलं. तुझं पुण्य मी माझ्या नावावर घेतलं, धाकटे. रागावू नकोस. तू माझ्या नावावर रक्त दिलंस, त्यानंतर एवढं तरी मला घेऊ दे.

तुझ्यावर माझा राग नाही. होता, पण तुझ्यावर रागवायचं म्हणजे आरशापुढे उभं राहून भांडायचं. मीही तेव्हा हट्टाला पेटले होते. दोघींनी मिळून केलं, दोघींनी मिळून सोसू. पाऊस सुरू व्हायच्या आत ये. तुझ्या त्या कुंड्यांपैकी एखादी आण, यांच्या खिडकीत ठेवायला.

माझं ठीक आहे. डाव्या गुडघ्याचं पुढच्या वर्षी बघू म्हणतात, कसलीच घाई नाही आता. आज सकाळी उठले, चहा केला, कप नेऊन यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला. कान डावीकडे फिरवला. मग तिथेच उभी राहिले, चहा निवेपर्यंत. पाय अजिबात दुखला नाही.

तुझी मोठी